दाजींचं भिरभिरं

आमचे दाजी कॉम्प्युटरसमोर बसायच्या आधी टेबलाभोवती फेरी मारायचे. टेबल भिंतीला टेकलेलं, त्यामुळे फेरी पुरी व्हायची नाही. तीन बाजू हिंडून झाल्या की भिंतीपाशी थांबून, मान तिरकी करून चौथीकडं नजर टाकायचे. मग खाली वाकून वायरी बघायच्या, एखादी अंगठ्यानं दाबून बघायची, जशी टायरातली हवा बघतात. खुर्ची पुढं, मागं, परत थोडी पुढं. डोक्याच्या वर डावीकडं हवेतच हात नेऊन, नसलेला आरसा सरळ करायचा. एवढं सगळं यथासांग झालं की पांढऱ्या मिशांचे, बनियन-पायजम्यातले आमचे दाजी कानाला हेडफोन लावून अंतराळात जायचे आणि तिथं लोकांची विमानं फोडायचे.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे यजमान. मूळचे आटपाडीकडचे. घराणं मेंढरांमागं हिंडणारं. पुढं थोडी शेती आली. दाजींनी मात्र कळपाऐवजी एसटीच्या लाल गाडीचं स्टिअरिंग धरलं आणि निवृत्त होईपर्यंत सोडलं नाही. नंतर सांगलीत विश्रामबागेत दोन खोल्या वर, दोन खाली असं घर बांधलं, आणि गावाकडून आईला, जिजीला, घेऊन आले. मी साताऱ्याला एका पतसंस्थेत असतो. आमचं काम लोकांना ‘उद्या या’ सांगण्याचं. त्यामुळे खोटं न बोलणाऱ्या माणसाचं मला पहिल्यापासून भारी कौतुक, आणि थोडी भीतीसुद्धा.

दाजी खोटं बोलत नसत, म्हणजे त्यांना ते जमतच नसे. एकदा आख्खं वऱ्हाड त्यांच्या गाडीत होतं आणि गाडी घाटात मालट्रकांच्या मागं अडकलेली. नवऱ्या मुलाचा मामा पुढं येऊन म्हणाला, “ड्रायवरसाहेब, मुहूर्ताला पोचतोय न्हवं?”

“न्हाई,” दाजी म्हणाले.

“आवं, नुसतं हो म्हना की. बायकांचा जीव टांगनीला लागलाय.”

“मी व्हय म्हनल्यानं गाडी पळत न्हाई. अक्षता हायत का संगं? नवरी फुडं हाय नि नवरा हितं, न्हायतर हितंच उरकलं असतं.”

वऱ्हाडात हसण्याचा पूर आला आणि मामा नवऱ्यापेक्षा जास्त फुगून बसला. ही गोष्ट मी प्रत्येक लग्नात सांगतो. आमच्या घराण्यात मला त्यासाठीच बोलावतात, आहेराकडं कुणी बघत नाही.

तर असा माणूस गेमच्या नादी कसा लागला? दाजींची मुलगी सुजाता कॉलेजात असताना तिच्या मैत्रिणीनं तो गेम तिला दिला. तिनं दोनदा उघडला आणि कंटाळून सोडला. कुठल्याशा थंड देशातल्या दोन भावांनी घराच्या माळ्यावर बसून तो केलेला, असं त्यातच लिहिलेलं होतं. खिसा हलका असणार बिचाऱ्यांचा. आपलं यान म्हणजे हुबेहूब उलटी ठेवलेली इस्त्री. शत्रूची यानं म्हणजे लाल समोसे. मधे जे दगड तरंगत, ते कुणीही बटाटेच म्हटले असते. समोसा फुटला की लवंगी फटाक्यासारखा आवाज येई, तोही जरा उशिरा. जगभरातले लोक एकमेकांशी जोडून घेऊन तो खेळत, पण कुठल्याही वेळी सगळे मिळून रस्त्यात माणसं भरत जाणाऱ्या एका वडापच्या जीपमध्ये बसतील एवढेच असत. गेम उघडताना पडद्यावर भावांनी इंग्रजीत लिहिलं होतं, की यातल्या बऱ्याच गोष्टी अजून व्हायच्या आहेत, चुकलंमाकलं सांभाळून घ्या. सुजातानं ते वाचून दाखवलं, तेव्हा दाजींनी मान डोलावली.

“खरं बोलत्यात पोरं,” ते म्हणाले, आणि त्या दिवसापासून त्या दोन भावांचे झाले.

मला एकदा त्यांनी खेळायला बसवलं होतं. मी निघालो आणि निघालो त्याच दारावर आपटून फुटलो. परत निघालो, परत त्याच दारावर. दाजी शांतपणे म्हणाले, “पाव्हणं, डेपोतनं गाडी भाईर काढायला आमच्यात लायसन लागतंय.” त्यानंतर मी प्रेक्षकातच बसत आलो.

दाजी स्वतः काही फार मोठे योद्धे नव्हते. गेममधल्या चकमकीत ते बहुधा लवकरच फुटायचे. पण त्यांची तऱ्हा बघण्यासारखी. समोरून आपल्याच बाजूचं यान आलं की डावीकडं सरकून त्याला साइड द्यायचे. अंतराळात रस्ता नाही, डावं-उजवं नाही, तरी साइड द्यायचेच. बटाट्यांच्या गर्दीत शिरताना तोंडानं हलका हॉर्न वाजवायचे. फुटले की मात्र चेहऱ्यावर असं काही समाधान पसरायचं की बघणाऱ्याला वाटावं, जिंकले.

मुश्कील अशी, की चकमक एकदा सुरू झाली की मधे थांबवता यायची नाही. दुसरे लोकही त्यात असत. त्यामुळे दाजींना बोलावणं आलं, जेवण झालं, पाहुणे आले, काहीही झालं तरी आतून एकच उत्तर. “आलो. गाडी रस्त्यात सोडू का?”

आक्काला या सगळ्याची मेल्याहून मेल्यासारखी लाज वाटायची. दुपारी तिच्याकडं भिशीच्या बायका जमत, आणि नेमकी तीच दाजींची युद्धाची वेळ. एकदा मीही तिथं होतो. बायका पोहे खात बसलेल्या, आणि आतल्या खोलीतून दाजींचा आवाज. “दाब त्याला, खाली दाब. सोडू नगंस. आरं त्यो मागनं आला, मागनं आला. हान.” आक्का ताडकन उठली आणि स्वयंपाकघरात जाऊन तिनं मिक्सर चालू केला. मिक्सरमध्ये काही नव्हतं. नुसता घर्र घर्र फिरत राहिला.

मिक्सर थांबल्यावर एका बाईंनी काळजीनं विचारलं, “भाऊजी कुणाशी भांडतायत का हो फोनवर?”

“गावाकडचं जमिनीचं चाललंय,” आक्का म्हणाली.

पुढं कितीतरी दिवस आख्ख्या गल्लीला दाजींच्या जमिनीची काळजी. कोपऱ्यावरच्या एका वकिलांनी तर घरी येऊन कागद दाखवा म्हणून आग्रह धरला. दाजी त्यांना म्हणाले, “माझी जमीन निवांत हाय. मी गेम खेळतो.” वकील हसले. त्यांना वाटलं, म्हातारा प्रकरण बाहेर पडू देत नाही, मुरलेला दिसतो.

जिजी त्या गेमला भिरभिरं म्हणायची. जत्रेत काडीला लावलेलं कागदाचं मिळतं ना, तसलं. “म्हादबा, ठिव ते भिरभिरं आनि जेव,” एवढंच सुरुवातीला. नव्वदीला टेकलेली, वाळकी, डोळ्यानं तीक्ष्ण. पुढच्या खोलीत तिची बाज, आणि तिथून आतला पडदा अर्धा दिसायचा. जन्मभर मेंढरांमागं हिंडलेली बाई. आपला निवृत्त मुलगा दुपारभर समोसे मारतो, हे तिला कळत नव्हतं असं नाही, पटत नव्हतं. गावाकडचं कुणी आलं की ती आधी ओरडून सांगायची, “म्हादबा, पाव्हनं आल्यात, बंद कर,” म्हणजे आपला मुलगा काय करतो ते पाहुण्यांना दिसू नये. त्यानं सगळ्यांचंच लक्ष आत जायचं.

खंडेनवमीला तर घोटाळाच झाला. आपल्याकडं त्या दिवशी हत्यारं पुजतात, गाडीला हार घालतात. दाजींनी सकाळी आंघोळ करून स्कूटरला हार घातला, कोयत्याला कुंकू लावलं, आणि मग आत जाऊन कॉम्प्युटरला झेंडूचा हार घातला. ज्या दांडीनं यान चालवायचं तिला हळदकुंकू वाहिलं, समोर नारळ फोडला. तेवढ्यात आटपाडीहून आबा आले. आबा म्हणजे दाजींचे चुलते, भावकीतले सगळ्यात वडीलधारे. त्यांच्या शब्दावर माणसं उठत-बसत.

आबांनी हार घातलेला कॉम्प्युटर बघितला. “म्हादू, ह्यो कशापाई पुजला रं? पोरीच्या अभ्यासाचा म्हनावं तर सरस्वतीला पुजायचा.”

आक्का मागून डोळ्यांनी नाही-नाही करत होती. मी खोकत होतो. दाजी म्हणाले, “आबा, वाहन हाय त्ये माझं.”

“कुठं जातंय?”

दाजींनी थोडा विचार केला. “वर,” म्हणाले.

आबांनी वर छताकडं बघितलं, मग दाजींकडं, मग माझ्याकडं. मी खोबऱ्याचा तुकडा तोंडात टाकला. ही गोष्ट पुढच्या आठवड्यात गावाकडं पोचली आणि तिथं तिला पाय फुटले. कुणी म्हणालं म्हादू सांगलीत बसून विमानं पुजतो, कुणी म्हणालं सरकारी विमानं चालवतो. जत्रेत पोरं दाजींना विचारू लागली, “काका, आज गाडी कुठल्या गिऱ्हाला?” दाजी मान खाली घालून हसायचे. त्यांना लाज वाटत नव्हती असं समजू नका. कानाच्या पाळ्या लाल व्हायच्या.

मग सुजाताचं स्थळ आलं. लोणंदची माणसं, मुलगा चांगला, घर शिकलेलं. आक्कानं चार दिवस आधीपासून दाजींना बजावलेलं. पाहुण्यांनी येतो सांगितलेली वेळ टळून गेली, तास-दीड तास कुणीच आलं नाही. शेवटी दाजी म्हणाले, “आता काय येत न्हाईत,” आणि आत जाऊन बसले. चकमक सुरू झाली आणि दारात जीप थांबली.

“अहो, उठा,” आक्का दाराआडून.

“उठतो, एक समोसा ऱ्हायलाय.”

बाहेर मुलाचे वडील बसले, पाणी झालं, आणि आतून आवाज आला, “लय माजलाय त्यो. घाल त्याच्या अंगावर. फुटलं तर फुटू दे.” मुलाच्या वडिलांनी मुलाकडं बघितलं. मुलानं सरबताचा पेला खाली ठेवला. आक्का म्हणाली, “मीटिंग चाललीय त्यांची.” जिजी बाजेवरून म्हणाली, “कसली मीटिंग, भिरभिरं हाय.”

दाजी बाहेर आले तेव्हा केसांवर हेडफोनची खाच पडलेली. त्यांनी हात जोडले आणि सरळ सांगितलं, “माफ करा, गेम खेळत हुतो.” मुलाच्या वडिलांना ते जास्तच लागलं. मीटिंग त्यांना चालली असती.

नकार आला. पुढं कळलं की त्या मुलाचं पुण्यात आधीच ठरलं होतं, आपल्या घरी येऊन गेले ते नावाला. पण ते कळेपर्यंत जिजीनं निकाल देऊन टाकला होता. “भिरभिऱ्यानं माज्या नातीचं मोडलं.” सुजाता म्हणत होती, बरं झालं, मला तो मुलगा आवडलाच नव्हता, पण तिचं कोण ऐकतो. जिजीनं अन्न सोडलं, रडली. दाजींनी कॉम्प्युटरवर टॉवेल टाकला.

चार-पाच दिवस टॉवेल तसाच राहिला. मी सांगलीला गेलो होतो. जेवून आम्ही दोघं गच्चीवर वाळवणावर राखण करत बसलो, तेव्हा मी विचारलं, “दाजी, असं आहे तरी काय हो त्यात?”

त्यांनी एक कुरडई उलटली, दुसरी उलटली. मग माझ्याकडं न बघता म्हणाले, “हसू नगा, पाव्हणं.”

“नाही हसत.”

“आयुष्यभर गाडी हाकली. मागं सदान्कदा पन्नास-साठ मान्सं. लेकुरवाळ्या, म्हाताऱ्या, साळंची पोरं. झोपत्यात समदी. खिडकीला डोकं लावून निवांत झोपत्यात. आनि मी जागा. कुनी कट मारला, राग आला, तरी गाडी रेटता येत न्हाई, मागं मान्सं हायत. घाटात धुकं असलं की माझ्या हाताला घाम सुटायचा, तुमच्या आक्काला इचारा. घरी आलो तरी रातीला झोपंत ब्रेक दाबायचो.” त्यांनी एक कुरडई उचलली आणि परत त्याच जागी ठेवली. “ह्यात मागं कुनी न्हाई. फुटलो तर मी फुटतो. परत नवी गाडी. दगडावर नीट जाऊन आदळता येतं, बगा. मुद्दाम. मला लाज वाटती सांगायला, ह्या वयात. पर लय मोकळं वाटतं.”

मी हसलो नाही. मीही एक कुरडई उलटली. काय बोलायचं असतं अशा वेळी ते मला आजही माहीत नाही. पतसंस्थेत शिकवत नाहीत.

पुढच्या आठवड्यात टॉवेल निघाला. जिजीनं विचारलं, तेव्हा दाजी बाजेपाशी जमिनीवर बसून म्हणाले, “आई, लय सोडून बगितलं. सुटत न्हाई.” दुसरा कुणी असता तर हो-हो म्हणून जिजी झोपल्यावर खेळला असता.

त्या हिवाळ्यात जिजी खचली. अन्न कमी झालं, मग बोलणं कमी झालं. शेवटी-शेवटी भावकी भेटायला आली होती, खोली भरलेली, दाजी तिच्या पायाला तेल चोळत होते. ती एकदम स्पष्ट म्हणाली, “माजं समदं झालं. कशात जीव ऱ्हायला न्हाई. तेवढं भिरभिरं सोड म्हनावं ह्याला.”

आबा म्हणाले, “सोडंल, सोडंल. म्हन रं म्हादू, सोडतो म्हन.”

दाजी पाय चोळत राहिले. आक्का कानाशी वाकली, “नुसतं म्हणा हो, तिच्या समाधानासाठी.” दाजींचे डोळे भरलेले, पण तोंड उघडलं नाही. जिजीनं थोडी वाट बघितली आणि कूस बदलली. दोन दिवसांनी ती गेली.

दहाव्याला कृष्णेच्या घाटावर आम्ही सगळे जमलो. दाजींनी डोकं केलेलं, मिशाही काढलेल्या. मिशांशिवाय ते आम्हाला ओळखूच येईनात. पिंड मांडले, बाजूला केळीच्या पानावर जिजीला आवडायचं ते सगळं: बाजरीची भाकरी, पिठलं, कांदा, आणि तंबाखूची चिमूट. समोरच्या झाडावर कावळे होते. एक तर कठड्यावर येऊन बसला. मान वाकडी करून पिंडाकडं बघायचा, आमच्याकडं बघायचा, आणि बसून राहायचा.

ज्यांनी हे बघितलेलं नाही त्यांना सांगतो: कावळा पिंडाला शिवेना, की मेलेल्या माणसाची काही इच्छा राहिली असं धरतात. मग एकेक जण हात जोडून पुढं होतो आणि कबूल करतो.

आबा पुढं झाले. “जिजे, नातीचं लगीन आमी थाटात करतो. शिव.” कावळा बसलेला. आक्काचे धाकटे दीर म्हणाले, “गावाकडची तुझी शेळी मी संबाळतो.” कावळ्यानं पंख झटकले, तेवढंच. आक्का म्हणाली, “आत्ती, माझं काही चुकलं असेल तर.” तिला पुढं बोलवेना. ऊन चढत होतं. गुरुजी घड्याळाकडं बघत होते, शेजारी दुसऱ्या घरची माणसं खोळंबलेली. कुणी काही म्हणत नव्हतं, पण हळूहळू एकेकाची नजर दाजींकडं वळू लागली. माझीही वळली.

गुरुजी म्हणाले, “दर्भाचा कावळा करू या. शास्त्रात आहे.”

“शास्त्रात आसंल,” आबा म्हणाले, “पर गावात काय सांगू? सख्ख्या ल्योकानं खेळापाई आईला अडकवून ठिवली म्हनून?”

मागून कुणीतरी, आवाज लपवून, म्हणालं, “गाडी वर जाती म्हनत हुता, आईला तरी सोड म्हनावं वर.” दोघं-तिघं हसले. मी लगेच ओळखलं, ‘वर’ म्हणतानाचा तो दाजींचा हेल, तो हात वर करण्याचा ढंग, माझा होता. मीच बारशा-लग्नातून तो तसा करून दाखवत असे. कसलेला नकलाकार ना मी. माझ्यासमोर माझीच नक्कल उघड्या डोक्याच्या माणसाच्या पाठीवर कुणीतरी टाकली, आणि मी खाली बघून चपलेतला खडा काढत बसलो. खडा नव्हता.

दाजींनी ते ऐकलं की नाही कळलं नाही. ते पिंडांपासून थोडे बाजूला, घाटाच्या पायरीवर सरकून उभे राहिले. नदीकडं तोंड करून हात जोडले. सगळी भावकी पिंडाभोवतून उठून त्यांच्याकडं सरकली, काय म्हणतात ते ऐकायला. आम्हीही सरकलो.

“आई,” दाजी म्हणाले. जोडलेले हात कपाळाला लावले. मग अगदी हळू, गाडी थांब्याला लावावी तसं, “सोडला गं.”

मागं पंखांचा आवाज झाला. वळून बघतो तर कावळा भाकरीवर.

“शिवला, शिवला,” माणसं म्हणाली. आबांनी डोळे पुसले. सगळ्यांच्या अंगातून हवा निघाल्यासारखं झालं, लगेच जेवणाचं बोलणं सुरू झालं, वडापवाल्याला हाका गेल्या. दाजी पायरीवर तसेच. मी जवळ गेलो, पण त्यांच्याकडं बघायचं धाडस झालं नाही. आम्ही एवढी वीस-पंचवीस धडधाकट माणसं, आणि एका माणसाकडची एकुलती एक मोकळी जागा काढून घेऊन आता वांग्याच्या रश्शावर बोलत होतो.

त्यांनी खरंच सोडला. न सोडते तर ते दाजी कसले. सुजातानं गेम काढून टाकू का विचारलं तर म्हणाले, “ऱ्हाऊ दे, त्येचा काय गुन्हा.” पण टेबलाकडं फिरकले नाहीत. दुपारी घराबाहेर कट्ट्यावर बसायचे, रस्त्याकडं बघत. जेवण निम्म्यावर आलं. आक्काचा मला साताऱ्याला फोन आला. “बाळू, रात्री झोपेत परत पाय झाडायला लागलेत रे. तू सांग त्यांना, खेळा म्हणून. मी सांगितलं तर ऐकत नाहीत.”

जिनं रिकामा मिक्सर फिरवला होता, ती हे म्हणत होती.

मी गेलो. कट्ट्यावर त्यांच्या शेजारी बसलो आणि जे त्या दिवशी बघितलं होतं ते सांगितलं. “दाजी, तो कावळा तुमच्या बोलण्यानं नाही आला. आपण सगळे पिंडापासून बाजूला झालो ना, तुमचं ऐकायला, म्हणून आला. एवढा वेळ आपणच त्याला अडवून उभे होतो.”

“ठावं हाय,” दाजी म्हणाले.

“ठाऊक आहे?”

“ड्रायवर हाय मी. समोर काय हलतंय, बाजूला काय हलतंय, समदं दिसतं. म्हनून तर पायरीवर सरकलो. म्हनलं, मान्सं हलली तर यील बिचारा, त्येलाबी भूक लागली आसंल.”

मी चाटच पडलो. “मग बोलायचं कशाला? नुसतं सरकला असता तरी झालं असतं.”

“कावळ्याला कुठं बोललो? आईला बोललो.” त्यांनी रस्त्याकडं बघितलं. “ती जित्ती हुती तवा व्हय म्हनता आलं न्हाई, कारन खोटं झालं आसतं. तिला तसंच पाठवलं. समद्यांम्होरं तिची मान खाली गेली, ल्योकानं शेवटचं ऐकलं न्हाई म्हनून. आता बोललो, तर खरं करायला नगं?”

 चहा आला, तो प्यालो, आणि जसा गेलो तसा साताऱ्याला परतलो.

त्यानंतर मी सांगलीला गेलो तो पतसंस्थेच्या कामानं, न कळवता. काम लवकर आटपलं म्हणून दुपारी विश्रामबागेत घराकडं वळलो. पुढचं दार नुसतं लोटलेलं. जिजीची बाज होती त्या जागेवर आता सुजाताची पुस्तकं. आतून लवंगी फटाक्यासारखा आवाज आला, जरा उशिरा येतो तसा, आणि मी जागीच थांबलो. म्हटलं, मोडला यांनी शब्द. आणि खरं सांगायचं तर बरंही वाटलं.

दारातून डोकावलो. खुर्चीत आक्का होती. अंबाड्यावरून हेडफोन चढवलेले, त्यांची वायर जोडायची राहून गेलेली, पदर कमरेला खोचलेला, नाकावर चष्मा, दोन्ही हातांनी दांडी पाट्यावरच्या वरवंट्यासारखी धरलेली. तिची इस्त्री बटाट्यांमधून झोकांड्या खात चालली होती.

“अहो, सांगा की, कुठून काढू,” ती म्हणत होती. हेडफोनमुळे तिचा आवाज नको तेवढा मोठा झालेला. “नुसते बसलात ते. तुम्ही खेळू नका, पण सांगायला काय झालं?”

दाजी तिच्या पाठीमागं स्टुलावर बसलेले होते. दोन्ही हात काखेत घट्ट दाबून, जसे काही ते सुटले तर पुढं जातील. ओठ मिटलेले. सांगणंही खेळणंच, असं त्यांनी ठरवलेलं दिसत होतं.

त्यांची नजर माझ्यावर पडली. कानाच्या पाळ्या लाल झाल्या, पण या खेपेला स्वतःसाठी नव्हे. त्यांनी काखेतला एक हात काढून ओठांवर बोट ठेवलं, आक्काकडं डोळ्यांनी खूण केली, आणि मान हलवली. तिला कळू देऊ नका, लाजंल.

मी चपला हातात घेतल्या आणि मागच्या पावली निघालो. दाराशी एकदा वळून बघितलं. दाजींनी हात परत काखेत घातला होता, चेहरा अगदी स्थिर. फक्त स्टुलाखाली उजवा पाय फरशीवर ब्रेक दाबत होता, परत-परत, आणि आक्काची गाडी काही थांबत नव्हती.